ऋतुचक्र आणि श्वान : ताथवडे परिसराच्या संदर्भात आखूड केसांच्या कुत्र्यांच्या निगेचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

मुंबई–बंगळुरू महामार्गाच्या वळणरस्त्यावर वाकड आणि पुनावळे या गावांच्या मधे वसलेले मुळशी तालुक्यातील ताथवडे हे गाव २००९ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत समाविष्ट झाले. तत्पूर्वी या गावाची बाहेरच्या जगाला असलेली ओळख प्रामुख्याने पशुसंवर्धन विभागाच्या वळू माता प्रक्षेत्रामुळे होती. गायीगुरांच्या पैदाशीचे शास्त्र शासनाने ज्या गावात आणले, त्याच गावाच्या वेशीवर, खळ्यावर आणि गोठ्याच्या दारात बसणाऱ्या कुत्र्याकडे मात्र कोणत्याही शास्त्राने फारसे लक्ष दिले नाही. आज त्याच परिसरात बहुमजली गृहसंकुले, हिंजवडीच्या माहिती तंत्रज्ञान उद्यानात काम करणारी कुटुंबे आणि महाविद्यालयांची प्रशस्त आवारे उभी आहेत. सदनिकांमधून लॅब्रॅडॉर, पग, बीगल, बॉक्सर, डोबरमन असे आखूड केसांचे कुत्रे मोठ्या हौसेने पाळले जातात. त्यांच्या ऋतुनिहाय निगेची पत्रके प्राण्यांच्या दुकानांतून मिळतात व त्यांतील बहुतेक सूचना समशीतोष्ण देशांतील कुत्र्यांना समोर ठेवून लिहिलेल्या असतात.

प्रस्तुत निबंधाचा विषय ही निगा हाच आहे. परंतु तिच्याकडे पशुवैद्यकाच्या नव्हे, तर इतिहासाच्या अभ्यासकाच्या दृष्टीने पाहावयाचे आहे. कुत्रा आणि ऋतू यांचा संबंध आपल्या समाजात दोन निरनिराळ्या पंचांगांनी ठरविला, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे. एक पंचांग घराचे, खळ्याचे आणि धनगराच्या वाड्याचे होते. त्यात कुत्र्याला कोणत्या महिन्यात काय घालावे, कोठे निजवावे, त्याला कोठून कोठे न्यावे याची जाण होती, मात्र ती कधी लिहिली गेली नाही. दुसरे पंचांग राजसत्तेचे होते. ते व्यवस्थित लिहिलेले, तारखा घातलेले होते आणि त्यात कुत्र्याला केव्हा मारावे एवढेच नमूद होते. लिहिलेले टिकले, न लिहिलेले विरत गेले. आजची आयात पत्रके ज्या रिकाम्या जागेत येऊन बसली आहेत ती जागा अशा रीतीने तयार झाली.

प्राचीन व मध्ययुगीन पार्श्वभूमी

पुणे जिल्ह्यात माणूस आणि कुत्रा यांचे सहजीवन किमान तीन हजार वर्षांचे आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी असलेल्या इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात जे विस्तृत उत्खनन केले, त्यात ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांच्या वसाहतीत गाय-बैल, शेळ्या-मेंढ्यांबरोबर पाळीव कुत्र्याचीही हाडे मिळाली. शेती, पशुपालन आणि कुत्रा ही त्रयी महाराष्ट्राच्या पठारावर एकाच वेळी स्थिरावलेली दिसते.

ग्रंथांच्या बाबतीत मात्र कुत्र्याचे भाग्य उणे ठरले. घोड्यासाठी शालिहोत्राची परंपरा, हत्तीसाठी पालकाप्याचा हस्त्यायुर्वेद, पण त्या तोडीची संहिता कुत्र्याच्या वाट्याला आली नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने १२ व्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात सारमेयविनोद म्हणून कुत्र्यांना स्वतंत्र स्थान आहे. परंतु ते राजाच्या करमणुकीच्या अंगाने, म्हणजे शिकारी कुत्र्यांपुरते. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात पिसाळलेल्या कुत्र्याची लक्षणे आणि त्याच्या दंशानंतर माणसास होणारा जलत्रास यांचे वर्णन आहे. तेथेही कुत्रा रोगी म्हणून येत नाही, रोगाचे कारण म्हणून येतो. निगा राखण्याची वस्तू म्हणून घोडा व हत्ती, आणि धोका अथवा करमणूक म्हणून कुत्रा, ही विभागणी पुढे दीर्घकाळ कायम राहिली.

लोकधर्मात चित्र वेगळे आहे. जेजुरीच्या खंडोबाबरोबर कुत्रा असतोच. त्याचे वाघ्ये काही प्रसंगी स्वतःस देवाचे कुत्रे मानून भुंकतात व कोटंब्यात वाढलेला नैवेद्य खातात. पिंपरी-चिंचवडमध्ये आकुर्डीच्या खंडोबा माळावर आजही हे दैवत प्रतिष्ठित आहे. दत्तात्रेयाच्या पायाशी चार कुत्रे असतात आणि त्यांना चार वेद मानले जाते. भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव प्रत्येक मराठी मुलाला ठाऊक असतात. साताऱ्याजवळ संगम माहुली येथे छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या या कुत्र्याची समाधी दाखविली जाते. वाघापासून धन्याचे प्राण वाचविल्याबद्दल त्याला मान मिळाल्याची आख्यायिका सर्वश्रुत आहे. रायगडावरील वाघ्याच्या स्मारकाचा वाद येथे जाणीवपूर्वक बाजूस ठेवला आहे. ते स्मारक १९३६ चे आहे आणि त्यावरील चर्चा कुत्र्यापेक्षा स्मारकाच्या राजकारणाची अधिक आहे.

घराचे व वाड्याचे पंचांग

मावळ आणि मुळशीच्या पूर्वेकडील गावांत ज्याला ‘गावठी’ म्हटले जाते तो कुत्रा, आणि सांगली, सोलापूर, कोल्हापूर भागात पाळला जाणारा ‘कारवानी’ हे दोन्ही आखूड केसांचे आहेत. कारवानी म्हणजेच कृष्णेच्या खालच्या खोऱ्यात ‘मुधोळ’ नावाने प्रसिद्ध झालेला सडपातळ शिकारी कुत्रा. घोरपडे घराण्याच्या मुधोळ संस्थानात, विशेषतः राजे मालोजीराव घोरपडे यांच्या आश्रयाने, या जातीची जोपासना झाली व त्यांनी इंग्लंडच्या राजास या कुत्र्यांची जोडी भेट दिल्याचे सांगितले जाते. त्याच जातीतील कानाशेपटीवर लांब रेशमी केस असलेल्या कुत्र्यास ‘पश्मी’ म्हणतात. केसांच्या लांबीवरून भेद करणारी नावे आपल्या लोकांनी स्वतःच घडविली होती, ही बाब येथे महत्त्वाची आहे.

आखूड केसांचे शरीरशास्त्र थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. कुत्रा माणसाप्रमाणे सर्वांगाने घाम गाळीत नाही. पंजाच्या गाद्यांखेरीज त्याला घामाची सोय जवळजवळ नाही आणि अंगातील उष्णता तो धापा टाकून बाहेर टाकतो. गावठी आणि कारवानी कुत्र्यांच्या अंगावर केसांचा एकच विरळ थर असतो, त्यामुळे उष्ण हवेत त्यांचे अंग लवकर निवते. मात्र थंडी, ऊन आणि पाऊस हे तिन्ही थेट कातडीपर्यंत पोहोचतात. लॅब्रॅडॉरचे केस आखूड असले तरी त्याखाली दाट लवेचा दुसरा थर असतो. तो कुत्रा न्यूफाउंडलंडच्या थंड पाण्यात मासेमाऱ्यांबरोबर काम करणाऱ्या कुत्र्यांच्या वंशातला. केस आखूड आहेत एवढ्यावरून दोघांना एकच निगा लागू करणे ही आजच्या पत्रकांतील सर्वात मोठी गफलत होय.

एकेरी थराच्या या कुत्र्याला महाराष्ट्रातील शेतकरी कुटुंबाने ऋतूप्रमाणे कसे सांभाळले? सर्वप्रथम जागेने. उन्हाळ्यात गोठ्यातील रांजणाखालची ओलसर माती, पावसाळ्यात ओसरीचा कोरडा कोपरा, हिवाळ्यात चुलीची किंवा चुलवाणाची राख आणि गोणपाट. राखेत लोळलेल्या कुत्र्याला आपण विनोदाने हसतो. परंतु कोरडी राख ही ऊब देणारी तसेच पिसवा व गोचिडांना न मानवणारी वस्तू आहे. कडुनिंबाच्या पाल्याचे पाणी आणि करंजाचे तेल ही गुरांच्या कातडीसाठी वापरात असलेली द्रव्ये कुत्र्याच्याही अंगाला लागत. आखूड केसांचा मोठा लाभ असा की, कानामागे, काखेत आणि बोटांच्या बेचक्यांत हात फिरविताच गोचीड लागतो. गुराख्याच्या पोराने संध्याकाळी कुत्र्याच्या अंगावरचे गोचीड वेचणे हीच त्या घरातील ‘ग्रूमिंग’ होती. गोचिडामुळे होणारा ताप हा केवळ लाडावलेल्या कुत्र्यांचा आजार नव्हे. व्हिएतनाम युद्धात १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी सैन्याचे शेकडो प्रशिक्षित कुत्रे याच रोगाने दगावले, आणि त्यांपैकी बहुसंख्य दाट केसांचे जर्मन शेफर्ड होते.

येथे एक सावधगिरीची नोंद करावी लागेल. परंपरेतील सर्वच उपाय हितकर होते असे मानणे चूक ठरेल. तंबाखूचे पाणी कुत्र्याच्या अंगाला लावण्याची रीत विषबाधेला आमंत्रण देणारी होती, कारण कुत्रा अंग चाटतो. पिंपरी-भोसरी-चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात तर लूत भरलेल्या कुत्र्याच्या अंगावर गॅरेजमधील जळके ऑइल ओतण्याची नवी ‘परंपरा’ उत्पन्न झाली. हेतू दयेचा, परिणाम भयंकर. ऑइल कातडीतून व चाटण्यातून शरीरात जाते आणि लूतीचे किडे मेले तरी कुत्रा वाचेलच असे नाही. ग्रामीण ज्ञानाची जागा औद्योगिक कचऱ्याने घेतल्याचे यापेक्षा बोलके उदाहरण सापडणे कठीण.

धनगरांचे पंचांग याहून निराळे व, प्रस्तुत लेखकाच्या मते, अधिक विचारपूर्वक बांधलेले आहे. पुणे, सातारा, अहिल्यानगर जिल्ह्यांच्या कोरड्या पूर्व भागातील धनगर पावसाळा सरल्यावर मेंढ्यांचे कळप घेऊन पश्चिमेकडे निघतात. काही मावळ-मुळशीच्या शेतांत वाडा बसवितात, काही घाट उतरून कोकणात जातात. पावसाची चाहूल लागताच ते पूर्वेकडे परततात, कारण ओल्या जमिनीत मेंढीचे खूर कुजतात. कळपाबरोबरचा राखण्या कुत्राही अशा रीतीने वर्षातील सर्वात ओला काळ सर्वात कोरड्या मुलखात घालवितो. त्याच्या पंजांच्या बेचक्यांत बुरशी धरत नाही, कारण त्याला चिखलात राहावेच लागत नाही. ऋतूची बाधा झाल्यावर औषध करण्यापेक्षा ऋतूच्या वाटेतून बाजूला होणे हे त्या निगेचे सूत्र होते. सदनिकेतील कुत्र्याला ही मुभा नाही. तो जुलै-ऑगस्टमध्ये दिवसातून दोनदा ओल्या रस्त्यावरून फिरून येतो आणि मग टॉवेल, पावडर, औषधी शाम्पू यांची गरज उत्पन्न होते. आयात पत्रकांतील उपाय निरुपयोगी आहेत असे नव्हे. बोटांच्या बेचक्या कोरड्या करण्याचा सल्ला पूर्णतः योग्य आहे. मात्र ती निगा स्थलांतर गमावलेल्या कुत्र्याची आहे, हे विसरता कामा नये.

भाद्रपद

मराठी भाषेत कुत्रा आणि भाद्रपद यांचे नाते म्हणीसारखे रूढ आहे. युरोपीय जातींच्या बहुतेक कुत्र्या वर्षातून साधारणतः दोनदा माजावर येतात व त्याला ठरावीक महिना नसतो. आपल्या गावठी कुत्र्यांचा विणीचा काळ मात्र पावसाळ्याच्या उत्तरार्धात, भाद्रपद-आश्विनाच्या आसपास एकवटलेला आढळतो. गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा असल्याने पिले कार्तिक-मार्गशीर्षात जन्मतात. थंडी असते, पण पाऊस नसतो. खळी चालू असतात, गावात धान्य व अन्न असते. पिले उन्हाळा लागेपर्यंत चांगली चालती-फिरती होतात. ऋतुमानाशी जुळवून घेतलेले हे वेळापत्रक आहे.

याच भाद्रपदाच्या वद्य पक्षात पितृपंधरवडा येतो. श्राद्धाच्या स्वयंपाकातून गोग्रास, काकबळी आणि श्वानबळी काढण्याची रीत आहे. वर्षभर हाकलला जाणारा कुत्रा या पंधरवड्यात पानाचा धनी ठरतो. वीण चालू असताना, गर्भारपणाच्या आरंभी, गावातील कुत्र्यांना सकस अन्न मिळण्याचा हा काळ होता. या धर्माचारामागे कोणी पशुपोषणाचा विचार केला असेल असा दावा करण्याचे कारण नाही. तथापि परिणाम तोच झाला.

राजसत्तेचे पंचांग

आता दुसऱ्या पंचांगाकडे वळू. मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीच्या अमलात १८१३ पासूनच्या नियमाने मोकाट कुत्री मारण्याचे दोन काळ ठरविण्यात आले होते : १५ एप्रिल ते १५ मे आणि १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर. या तारखांमागील समजूत युरोपातून आलेली होती. कडक उन्हाने कुत्रा पिसाळतो असे ग्रीक-रोमन काळापासून तेथे मानले जात असे आणि आकाशातील सर्वात तेजस्वी ताऱ्याला श्वानाचे नाव देऊन तो सूर्याबरोबर उगवतो त्या तप्त दिवसांना ‘कुत्र्याचे दिवस’ म्हटले जाई. (आपल्याकडे तोच तारा व्याध आहे. एकाच ताऱ्यात एका संस्कृतीने कुत्रा पाहिला आणि दुसरीने शिकारी.) मुंबईत उन्हाळे दोन : वैशाखाचा व ऑक्टोबरचा. म्हणून मारण्याचे काळही दोन.

या तारखांकडे मराठी महिन्यांच्या अंगाने पाहिले असता एक बाब स्पष्ट होते. १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर हा काळ म्हणजे बहुतेक वर्षी भाद्रपदाचा उत्तरार्ध आणि आश्विन. कुत्री टोळ्यांनी फिरतात, आपसांत भांडतात, एरवी शांत असलेला कुत्राही अंगावर येतो, तो हा काळ. चाव्यांच्या घटना या दिवसांत वाढणे स्वाभाविक होते. उष्णतेचा परिणाम म्हणून जे इंग्रज अधिकाऱ्यांनी वाचले, ते बहुधा विणीच्या हंगामाचे वर्तन होते, असे प्रस्तुत लेखकाचे अनुमान आहे. पिसाळण्याचा रोग विषाणूमुळे व चाव्यातून पसरतो, उन्हामुळे उद्भवत नाही, हे आज शालेय पुस्तकातही असते. विणीच्या काळात आपसांतील चावाचावी वाढल्याने रोगाचा प्रसार वाढत असेल, हे मात्र संभवनीय आहे. कोणत्याही अर्थाने पाहिले तरी पितृपंधरवड्यात घराघरांतून कुत्र्याला पान वाढले जात असताना त्याच सुमारास सरकारी शिपाई त्याला दंडुक्याने मारीत असत, हा विरोध उरतोच.

१८३२ मध्ये हा विरोध रस्त्यावर आला. त्या वर्षी उन्हाळी मोहिमेची मुदत १५ मेऐवजी १५ जूनपर्यंत वाढविण्यात आली. प्रत्येक कुत्र्यामागे बक्षीस मिळत असल्याने शिपाई घरच्या, पाळलेल्या कुत्र्यांवरही हात टाकू लागले, अशी तक्रार होती. पारशी धर्मात कुत्रा पवित्र आहे. मृताला कुत्र्याच्या दृष्टीसमोर ठेवण्याचा ‘सगदीद’ हा विधी अंत्यसंस्काराचा भाग आहे. ६ जून १८३२ रोजी कोटातील पारशी जमावाने कुत्री मारणाऱ्या शिपायांवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी बाजार बंद राहिला. हिंदू, जैन व मुसलमान व्यापाऱ्यांचाही त्यास पाठिंबा होता, आणि कुलाब्याच्या सैन्याची रसद अडली. सैन्य बोलावून दंगा मोडण्यात आला. त्यानंतर दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभॉय (त्या वेळी ते ‘सर’ झालेले नव्हते) आणि शेठ मोतीशहा यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरापोळ स्थापन झाला. मुंबईतील प्राणिदयेच्या संस्थात्मक इतिहासाचा आरंभ कुत्र्यापासून झाला, हे विसरले जाते.

१९ व्या शतकाच्या उत्तरार्धात परळ येथे सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून बाई साकरबाई दिनशा पेटिट प्राण्यांचे रुग्णालय उभे राहिले आणि त्याला जोडून १८८६ मध्ये मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. पाश्चरने १८८५ मध्ये लस शोधल्यानंतर १९०० मध्ये कसौली येथे पाश्चर संस्था आली. विज्ञान आले, तरी नगरपालिकांचे पंचांग बदलले नाही. १९४९ च्या मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियमाने महापालिकांना कुत्र्यांवर कर बसविण्याचा अधिकार दिला. पाळीव असेल तर कर, बेवारस असेल तर नाश, अशी कुत्र्याची दुहेरी प्रशासकीय ओळख शतकभर टिकली. ती २००१ च्या प्राणी जन्म नियंत्रण (श्वान) नियमांनी बदलली. निर्बीजीकरण व लसीकरण करून कुत्र्याला मूळ जागी सोडणे हे धोरण झाले, आणि २०२३ च्या नियमांनी अशा कुत्र्याला समाजाचा प्राणी अशी संज्ञा दिली.

ताथवडेच्या संदर्भात ही संज्ञांची वाटचाल पाहण्यासारखी आहे. ग्रामपंचायतीच्या काळात जो ‘गावचा कुत्रा’ होता, ज्याला मोती किंवा खंड्या असे नाव होते आणि ज्याच्यासाठी चार घरांतून चतकोर भाकरी ठरलेली होती, तो गाव महापालिकेत गेल्यावर कागदोपत्री ‘मोकाट’ झाला. कुत्रा तोच, जागा तीच. गोठे पडले, खळी इमारतींखाली गेली, चुलीची राख संपली. त्याच्या निगेची साधने नाहीशी झाली आणि तो ‘भटका’ ठरला.

सदनिकेतील ऋतू

२००३ मध्ये एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत मुलामागे जाणारा पग दिसला आणि नाकाने चपटा, अंगाने गुबगुबीत असा हा कुत्रा शहरी मध्यमवर्गाच्या घरात आला. चपट्या नाकामुळे त्याला धापा टाकून अंग निववणे जड जाते, म्हणजे पुण्याच्या एप्रिल-मेसाठी यापेक्षा गैरसोयीचा कुत्रा शोधणे अवघड. याउलट कारवानी आणि गावठी ही जात या हवेत हजारो वर्षे वाढलेली. देशी जातींची अधिकृत दखल मात्र उशिरा घेतली गेली. टपाल खात्याने २००५ मध्ये चार भारतीय जातींवर तिकिटे काढली, त्यांत मुधोळ होता. राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने २०२० मध्ये कुत्र्यांच्या पहिल्या तीन जाती नोंदविल्या, त्यांतही मुधोळ आहे. गावठी कुत्रा अर्थातच कोणत्याच यादीत नाही. डब्ल्यू. व्ही. सोमण यांचे भारतीय कुत्र्यांवरील १९६३ चे पुस्तक मुंबईत प्रसिद्ध झाले, लेखक मराठी, पण ग्रंथ इंग्रजीत. मराठी वाचकाला आपल्या हवेतल्या कुत्र्याची निगा मराठीत सांगणाऱ्या ग्रंथाची परंपरा त्यातून उभी राहिली नाही.

परिणामी काही चुकीच्या समजुती घट्ट झाल्या आहेत. आखूड केसांचा कुत्रा केस गाळत नाही, ही त्यांतील पहिली. वस्तुतः तो गाळतो आणि लहान ताठ केस सोफ्यात रुतल्याने अधिक त्रासदायक ठरतो. केस गळण्याचे नियंत्रण प्रामुख्याने दिवसाच्या लांबीने होते. उघड्यावरील कुत्र्याची मुख्य गळ थंडी सरताना, शिमग्याच्या आगेमागे दिसते. सदनिकेत रात्री उशिरापर्यंत दिवे असल्याने शरीराला दिवस लहान-मोठा झाल्याचे नीट उमगत नाही व केस वर्षभर थोडेथोडे गळत राहतात. यावर रबरी दातांचा ब्रश किंवा खरखरीत फडके आठवड्यातून दोनदा फिरविणे पुरेसे असते. दुसरी समजूत वारंवार स्नानाची. माणसाची कातडी आम्लधर्मी, कुत्र्याची जवळजवळ उदासीन. घरातील साबणाने दर आठवड्याला धुतलेल्या आखूड केसांच्या कुत्र्याच्या कातडीवरील तेलाचा थर निघून जातो आणि डिसेंबरच्या कोरड्या हवेत तिला कोंडा सुटतो. तिसरी, उन्हाळ्यात केस भादरण्याची. एकेरी थराच्या कुत्र्याला भादरणे म्हणजे उन्हापासूनचा एकमेव आडोसा काढणे होय, आणि दुहेरी थराच्या लॅब्रॅडॉरचेही त्यात नुकसानच आहे. पांढरे केस व गुलाबी नाक असलेल्या कुत्र्याला ऊन भाजते. डांबरी रस्त्यावर आपला तळहात पाच-सात सेकंद ठेवता आला नाही तर कुत्र्याला त्यावरून नेऊ नये, ही कसोटी सोपी आणि विश्वासार्ह आहे.

पावसाळ्यातील बुरशीजन्य त्वचारोगांचा विचार करताना याच भूमीतील एक प्रकरण आठवते. पिंपरी येथे १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सार्वजनिक कारखान्यात पेनिसिलिनबरोबरच नव्या प्रतिजैविकांचा शोध घेतला जात असे. तेथील संशोधकांना पिंपरीच्या मातीत सापडलेल्या जीवाणूला ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’ असे नाव मिळाले आणि त्यापासून ‘हमायसिन’ हे बुरशीनाशक तयार झाले. ज्या मातीत कुत्रा लोळतो, तिच्यातच बुरशी असते आणि बुरशीवरचा उताराही असतो. औद्योगिक पट्ट्याने या मातीला दिलेले हे बहुधा एकमेव शास्त्रीय नाव असावे. आज तेथे राहणाऱ्या किती जणांना ते ठाऊक आहे?

कार्तिक

७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शैक्षणिक संस्था, रुग्णालये, क्रीडा संकुले, बस व रेल्वे स्थानके यांच्या आवारांतील मोकाट कुत्री हलवून, निर्बीजीकरण व लसीकरणानंतर निवाऱ्यात ठेवण्याचा आणि मूळ जागी परत न सोडण्याचा आदेश दिला. चाव्यांच्या घटना व रेबीजचे मृत्यू ही त्यामागील चिंता खरी आहे. रेबीज झालेला माणूस वाचत नाही, आणि कुत्र्याविषयीच्या कोणत्याही ममतेने हे सत्य झाकता येत नाही. लहान मुले आणि रात्रपाळीवरून परतणारे कामगार या भीतीत राहतात. प्रस्तुत निबंधाचा संबंध आदेशाच्या योग्यायोग्यतेशी नसून त्याच्या तारखेशी आहे. त्या वर्षी ५ नोव्हेंबरला कार्तिकी पौर्णिमा होती. म्हणजे आदेश आला तो गावठी कुत्र्यांची वीण पदरात पडण्याच्या महिन्यात.

महाविद्यालयांच्या आवारांत, बांधकामाच्या पाइपांत, वाहनतळाच्या कोपऱ्यात आणि उपाहारगृहाच्या मागे या दिवसांत कुत्र्या व्यालेल्या असतात. व्यालेली कुत्री पिलांजवळ आलेल्या माणसावर धावून जाते, हे तिचे नेहमीचे वर्तन नव्हे. ते साधारण सहा-आठ आठवड्यांचे आहे. निर्बीजीकरणाचा उपयोग भाद्रपदापूर्वी केला तर होतो, कार्तिकात केला तर एक वेत आधीच जन्मलेले असते. १८१३ चे पंचांग निदान ऋतू मानत होते, जरी चुकीच्या कारणाने. अलीकडच्या आदेशांना ऋतूच नाही. ज्या प्राध्यापकांवर आता आपापल्या आवाराचे नियोजन करण्याची जबाबदारी आली आहे, त्यांनी निर्बीजीकरणाची मागणी महापालिकेकडे ज्येष्ठ-आषाढात नोंदविणे व्यवहारतः अधिक उपयुक्त ठरेल. विणीच्या आठवड्यांत अशा जागांवर साधी पाटी लावून वाट वळविली, तरी बरेच चावे टळतील.

व्यालेल्या कुत्रीच्या अंगावरचे केस काही आठवड्यांनी झपाट्याने गळतात. बरगड्या दिसू लागतात आणि माघ-फाल्गुनात ती लूत भरल्यासारखी भासते. अनेकदा तिला रोगी समजून दगड मारले जातात, किंवा वर उल्लेख केलेले जळके ऑइल तिच्या अंगावर पडते. ती रोगी नसते. दूध आटल्यावर, पोटाला मिळाल्यास, चैत्रापर्यंत नवे केस येतात. कार्तिकात जन्मलेल्या तिच्या पिलांची पहिली मऊ लव त्याच सुमारास गळून खाली आखूड, ताठ, अंगाला चिकटून बसणारे केस दिसू लागतात.